लिंगाखालचा कातडीचा पडदा: पेनोस्क्रोटल वेबिंग म्हणजे काय, ऑपरेशन कधी करावं आणि कधी नाही?

काही आजारांबद्दल माणूस बायकोशी बोलत नाही, मित्राशी बोलत नाही आणि डॉक्टरांसमोर तर अजिबातच नाही. तो रात्री मोबाइल घेतो आणि शोधत बसतो. मग समोर येतात तेलाच्या जाहिराती, 'इंच वाढवा'वाले व्हिडिओ आणि सगळं गुप्त ठेवण्याची हमी देणारे नंबर.

पेनोस्क्रोटल वेबिंग हा त्यातलाच एक विषय. नाव अवघड आहे, पण गोष्ट साधी आहे. अंडकोशाची कातडी लिंगाच्या खालच्या बाजूने वर चढलेली असते आणि दोन्हींच्या मध्ये पडद्यासारखी ताणलेली दिसते. हा रोग नाही, संसर्ग नाही आणि 'मर्दानगी'शी त्याचा काही संबंध नाही. अनेकांना त्यासाठी काहीच करावं लागत नाही. ज्यांना खरोखर अडचण होते, त्यांच्यासाठी कातडीचं एक लहान ऑपरेशन असतं.

हे ऑपरेशन काय करतं, काय करत नाही आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात राहणाऱ्या माणसाने सुरुवात कुठून करावी, ते या लेखात सविस्तर पाहू.

थोडक्यात

- ही कातडीची ठेवण आहे. लिंगाच्या आतल्या रचनेत दोष असेलच असं नाही.
- त्रास नसेल तर ऑपरेशन लागत नाही.
- कंडोम निसटणं, संबंधाच्या वेळी कातडी ओढली जाणं किंवा दुखणं ही ऑपरेशनचा विचार करण्याची खरी कारणं.
- ऑपरेशनने लिंगाची लांबी वाढत नाही. झाकलेला भाग फक्त मोकळा होतो.
- बाळाला असा पडदा असेल तर नेहमीच्या पद्धतीने सुंता करू नये. आधी सर्जनला दाखवावं.

नेमकं असतं तरी काय?

लिंगाची खालची बाजू आणि अंडकोश जिथे भेटतात तिथे बहुतेक पुरुषांमध्ये एक स्पष्ट कोन दिसतो. लिंगाची कातडी पातळ आणि जवळपास बिनकेसांची असते. अंडकोशाची कातडी जाडसर, सुरकुतलेली आणि केसाळ असते. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते हे सहज कळतं.

वेबिंगमध्ये ही सीमा पुसट होते. अंडकोशाची कातडी लिंगाच्या दांड्यावर चढते. लिंग हाताने वर उचललं की खाली एक त्रिकोणी पडदा ताणलेला दिसतो. बदकाच्या पायाच्या बोटांमध्ये जसा पडदा असतो, तसाच. इंग्रजीत अशा पडद्याला 'वेब' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं.

पडदा किती वर चढला आहे त्यावरून त्याची तीव्रता ठरवतात. २०१० साली भारतातल्या बालशल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या नियतकालिकात एक वर्गीकरण प्रसिद्ध झालं. त्यात साध्या पडद्याचे तीन टप्पे आहेत. पडदा लिंगाच्या बुडाकडच्या एक तृतीयांश भागापर्यंत असेल तर पहिला टप्पा, मधल्या भागापर्यंत असेल तर दुसरा आणि टोकाकडच्या भागापर्यंत पोचला असेल तर तिसरा. पडद्याबरोबर लिंगाचा बाकही असेल तर तो गुंतागुंतीच्या प्रकारात जातो. सुंतेनंतर तयार झालेला पडदा वेगळा मोजतात.

हे का होतं?

मुख्य कारणं दोन.

जन्मजात: गर्भात अंडकोश तयार होताना दोन्ही बाजूंचे उंचवटे मध्यरेषेवर येऊन जुळतात. अंडकोशाच्या मधोमध दिसणारी शिवणीसारखी रेघ ही त्याचीच खूण. या जडणघडणीत कातडीची वाटणी थोडी वेगळी झाली तर अंडकोशाची कातडी लिंगावर राहते. आईने गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहण पाहिलं का, किंवा मुलाने पुढे हस्तमैथुन केलं का, याचा इथे काहीही संबंध नाही.

सुंतेनंतर: सुंता करताना खालच्या बाजूची कातडी प्रमाणाबाहेर कापली गेली तर उरलेली कातडी कमी पडते. जखम भरताना ती अंडकोशाची कातडी वर ओढून घेते. असा पडदा मोठेपणी, विशेषतः ताठरतेच्या वेळी, जास्त जाणवतो.

वजन वाढल्यावरही पडदा जास्त उठून दिसू शकतो. ओटीपोटाखालची चरबी वाढली की लिंगाचा बुडाकडचा भाग आत जातो आणि बाहेर उरलेल्या भागावर तोच पडदा मोठा वाटू लागतो.

त्रास काय होतो आणि काय होत नाही?

कित्येक पुरुष आयुष्यभर असा पडदा घेऊन वावरतात. त्यांचं लग्न होतं, मुलंबाळं होतात आणि आपल्याला 'काही आहे' हे त्यांना कधी कळतही नाही. ज्यांना त्रास होतो त्यांच्या तक्रारी साधारण अशा असतात:

- कंडोम बुडापर्यंत सरकत नाही, मध्येच अडकतो आणि संबंधाच्या वेळी निसटतो.
- ताठरतेच्या वेळी अंडकोश वर ओढला जातो, कातडीला ताण बसतो.
- संबंधाच्या वेळी कातडी घासली जाते, चिरते किंवा दुखते. जोडीदारालाही टोचल्यासारखं वाटू शकतं.
- लिंगाच्या दांड्यावर केस येतात.
- खालून पाहिल्यावर लिंग आहे त्यापेक्षा आखूड दिसतं.

यातली पहिली तक्रार किरकोळ समजू नका. कंडोम नीट बसत नसेल तर नको असलेली गर्भधारणा आणि लैंगिक संसर्ग, दोन्हींचा धोका राहतो. 'कंडोम जमत नाही' म्हणून तो वापरणंच सोडून देणाऱ्याने त्यामागचं कारण एकदा तपासून घ्यायला हवं.

आता काय होत नाही ते. नुसत्या पडद्यामुळे वीर्य कमी होत नाही, शुक्राणू घटत नाहीत, ताठरता जात नाही आणि नपुंसकत्व येत नाही. मूल होण्यात अडचण असेल तर तिचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं आणि त्यासाठी नवरा-बायको दोघांची तपासणी लागते.

हेच आहे की दुसरं काही?

आरशात पाहून स्वतःच निदान करू नका. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या काही गोष्टींचे उपचार पूर्ण वेगळे असतात.

- चरबीत दबलेलं लिंग: लिंग नेहमीच्या लांबीचं असतं, पण ओटीपोटाच्या चरबीत आत गेलेलं असतं. इथे पडदा कापून उपयोग नाही. वजन कमी करणं हा उपचाराचा मोठा भाग असतो.
- मूत्रमार्गाचं छिद्र खाली असणं: लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असतं. ही जन्मजात अवस्था कधी कधी पडद्याबरोबरच असते. तिचं ऑपरेशन वेगळं आणि जास्त नाजूक असतं.
- लिंगाचा बाक: ताठरतेच्या वेळी लिंग एका बाजूला वाकतं. जन्मापासून असेल तर एक कारण, चाळिशी-पन्नाशीत नव्याने आलं असेल तर दुसरं.
- पुढची कातडी मागे न जाणं: ही टोकाकडची अडचण आहे. पडद्याशी तिचा संबंध नाही.
- अंडकोशाची सूज: हायड्रोसील, हर्निया किंवा हत्तीरोगामुळे अंडकोश मोठा झाला की तो लिंगाची कातडी स्वतःकडे ओढून घेतो. विदर्भात हत्तीरोग नवा नाही. म्हणून अंडकोश सुजलेला असेल तर आधी त्या सुजेचं कारण शोधायचं.

डॉक्टर उभं करून आणि झोपवून तपासतात, लिंग हलकेच ताणून पडदा कुठपर्यंत जातो ते पाहतात, दोन्ही वृषण जागेवर आहेत का ते बघतात. ताठरतेच्या वेळी काय होतं हे दवाखान्यात दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं तर घरी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून प्रत्यक्ष भेटीत दाखवता येतो. असे फोटो कुठल्याही 'ऑनलाइन सल्ला' देणाऱ्या अनोळखी नंबरवर पाठवू नका. पुढे त्यांचा वापर पैसे उकळण्यासाठी होऊ शकतो.

बाळाची सुंता करायची आहे? आधी हे बघा

या लेखातली एकच गोष्ट पुढे पाठवायची असेल तर ही पाठवा.

बाळाच्या लिंगाखाली असा पडदा असेल, लघवीचं छिद्र टोकाला नसेल, लिंग वाकडं असेल किंवा चरबीत दबलेलं दिसत असेल, तर सुंता लगेच करू नये. नेहमीच्या पद्धतीने पुढची कातडी कापली तर पडदा आणखी वर ओढला जातो आणि लिंग आत दबल्यासारखं होऊ शकतं. शिवाय पुढे दुरुस्तीचं ऑपरेशन करायचं झालं तर सर्जनला हीच पुढची कातडी वापरावी लागू शकते. ती आधीच कापून टाकलेली असेल तर काम अवघड होतं.

याचा अर्थ खतना करताच येणार नाही असा नाही. बालशल्यचिकित्सक किंवा मूत्ररोगतज्ज्ञ एकाच वेळी पडद्याची दुरुस्ती आणि सुंता करू शकतात. फक्त आधी दाखवायचं, मग तारीख ठरवायची.

ऑपरेशन कुणी करावं, कुणी करू नये?

ऑपरेशनचा विचार करावा:

- कंडोम वारंवार निसटत असेल,
- संबंधाच्या वेळी दुखत असेल किंवा कातडी चिरत असेल,
- सुंतेनंतर कातडी तंग झाली असेल,
- दिसण्यामुळे मनाला बरेच दिवस त्रास होत असेल आणि ऑपरेशनने नेमकं काय बदलेल हे नीट समजलं असेल.

थांबावं:

- लांबी वाढेल या आशेने ऑपरेशन करायचं असेल,
- लग्न पंधरा दिवसांवर आलं म्हणून घाई असेल,
- मधुमेह आटोक्यात नसेल किंवा त्या जागी संसर्ग, खरूज, नायटा असेल,
- डॉक्टरांनी तपासून 'सगळं ठीक आहे' सांगितलं तरी दिवसभर तोच विचार येत असेल.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं बोलू. स्वतःच्या शरीरातला न दिसणारा किंवा अगदी लहान दोष डोक्यात घर करून बसणं ही मनाची एक ओळखीची अवस्था आहे. तिच्यावर कातडी कापून उपाय होत नाही. एक ऑपरेशन झालं की मन दुसरा दोष शोधतं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाची मदत जास्त उपयोगी पडते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

कल्पना सोपी आहे. पायजम्याचं आसन तंग झालं की बसता-उठता कापड ओढलं जातं. शिंपी तिथली शिवण उसवतो, कापडाची दिशा बदलून पुन्हा शिवतो आणि जागा मोकळी होते. सर्जनही कातडीच्या बाबतीत जवळपास हेच करतो. मुख्य पद्धती अशा:

आडवा छेद, उभी शिवण: ताणलेल्या पडद्यावर आडवा छेद देतात. कातडी मोकळी झाली की छेदाची दोन टोकं जवळ आणून तो उभ्या रेषेत शिवतात. आडव्या दिशेची जास्तीची कातडी उभ्या दिशेला मिळते आणि पडद्याचा ताण जातो. लहान पडद्यासाठी ही साधी आणि जुनी पद्धत आहे.

झेड-प्लास्टी: पडद्याच्या कडेवर इंग्रजी 'झेड' अक्षराच्या आकाराचा छेद देऊन कातडीचे दोन त्रिकोण तयार करतात आणि त्यांची अदलाबदल करून शिवतात. ६० अंशांचे त्रिकोण घेतले तर त्या रेषेची लांबी हिशेबाने सुमारे ७५ टक्के वाढते. लक्षात घ्या, ही लांबी कातडीच्या तंग रेषेची आहे, लिंगाची नाही. छेद नागमोडी असल्याने व्रण भरताना एका सरळ रेषेत आक्रसत नाही. भाजल्याने आखडलेली बोटं किंवा मान सोडवायलाही प्लास्टिक सर्जन हीच पद्धत वापरतात.

व्ही-वाय पद्धत: इंग्रजी 'व्ही'च्या आकारात छेद घेऊन तो 'वाय'च्या आकारात शिवतात. त्यामुळे कातडी हव्या त्या दिशेला सरकते.

जास्तीची कातडी काढणं: पडदा रुंद असेल तर अंडकोशाची थोडी कातडी कापून काढतात आणि लिंगाच्या बुडाशी नवा कोन तयार करतात. इथे हात राखून काम करावं लागतं. कातडी जास्त काढली तर अंडकोश तंग होतो आणि ताठरतेच्या वेळी पुन्हा ओढ बसते.

पडदा किती मोठा आहे, कातडी किती सैल आहे आणि आधी सुंता झाली आहे का, यावरून पद्धत ठरते. मोठ्या माणसात लहान पडद्याचं ऑपरेशन जागेवर भूल देऊन होऊ शकतं. काही वेळा कमरेतून भूल देतात, लहान मुलांना पूर्ण भूल लागते. टाके बहुतेक वेळा आपोआप विरघळणारे असतात. साध्या पडद्यासाठी अनेकांना त्याच दिवशी घरी सोडतात.

सर्जन इथे कातडी आणि तिच्या खालच्या पातळ थरावर काम करतो. ताठरता आणणारे भाग आणि मूत्रमार्ग त्याच्याही खाली असतात. त्यांना धक्का लागू न देणं हे सर्जनचं कौशल्य. म्हणून हे काम मूत्ररोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा या भागाचा अनुभव असलेल्या जनरल सर्जनकडूनच करून घ्यावं.

मग लांबी वाढते का?

नाही. ऑपरेशनआधी आणि नंतर वरच्या बाजूने मोजलं तर आकडा तोच येतो. बदलतं ते खालच्या बाजूचं दिसणं. झाकलेला भाग मोकळा झाला की लिंग लांब वाटतं, इतकंच.

मुळात 'लहान' म्हणजे किती, याबद्दलच गैरसमज जास्त आहेत. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी जगभरातल्या आधीच्या अभ्यासांमधली, आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष घेतलेली मापं एकत्र केली. एकूण १५,५२१ पुरुषांची माहिती त्यात होती. ताठ अवस्थेतली सरासरी लांबी आली १३.१२ सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच इंचांपेक्षा थोडी कमी. शिथिल अवस्थेत सरासरी ९.१६ सेंटिमीटर. मोबाइलवरच्या अश्लील व्हिडिओंमधून जे 'माप' डोक्यात बसलेलं असतं, त्याचा आणि या आकड्यांचा मेळ बसत नाही.

काही खासगी क्लिनिक पडद्याच्या ऑपरेशनला 'लांबी वाढवण्याच्या पॅकेज'मध्ये घालतात. त्यात लिंगाला आधार देणारा अस्थिबंध कापणं किंवा चरबीची इंजेक्शनं देणं असतं. ही वेगळी आणि जास्त धोक्याची कामं आहेत. ती सुरक्षित किंवा परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही, अशी अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची जाहीर भूमिका आहे.

धोके कोणते?

ऑपरेशन लहान असलं तरी धोका शून्य नसतो.

- रक्त साचून अंडकोश सुजणं आणि काळानिळा पडणं. या भागाची कातडी सैल असल्याने रक्त सहज पसरतं.
- जखमेत संसर्ग होणं, टाके उसवणं.
- व्रण जाड होणं किंवा काही महिने दुखत राहणं.
- काही काळ बधिरपणा किंवा जास्त संवेदना.
- पडदा पुरेसा न सुटणं किंवा व्रण आक्रसल्याने थोडा परत येणं.
- दोन्ही बाजू अगदी सारख्या न दिसणं.

या ऑपरेशनवरचे अभ्यास बहुतेक लहान आहेत. त्यात बहुसंख्य रुग्ण समाधानी असल्याचं दिसतं. पण समाधान टिकतं ते आधीची अपेक्षा खरी असेल तर.

ऑपरेशनआधीची तयारी

- खर्रा, तंबाखू, बिडी बंद. निकोटिनमुळे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. आधी किमान तीन-चार आठवडे आणि जखम भरेपर्यंत नंतरही. विदर्भात खर्रा सोडणं सोपं नाही, पण टाके उसवणाऱ्या कारणांमधलं हे तुमच्या हातातलं कारण आहे.
- रक्तातली साखर तपासून घ्या आणि आटोक्यात आणा.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- वैदूचं औषध, भस्म किंवा 'ताकदीची' गोळी घेत असाल तर तेही सांगा.
- केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक जखमा होतात आणि त्यातून संसर्ग होतो.
- शेतीच्या कामाचा हिशेब करा. पेरणी किंवा कापूस वेचणीच्या धांदलीत ऑपरेशन केलं तर आराम मिळणार नाही.

ऑपरेशननंतरचे दिवस

पहिले दोन-तीन दिवस: घरी आराम. घट्ट पण न काचणारी चड्डी किंवा लंगोट, म्हणजे अंडकोश वर उचललेला राहतो आणि सूज कमी येते. बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून, थोडा थोडा वेळ. ड्रेसिंग कोरडं ठेवायचं.

पहिला आठवडा: डॉक्टरांनी परवानगी दिली की अंघोळ, पण जखम चोळायची नाही. हळद, राख, तेल, मलम असं काहीही मनाने लावायचं नाही. काळानिळेपणा दिसतो, तो दोन आठवड्यांत ओसरतो. रात्री आपोआप ताठरता येते आणि टाक्यांना ताण बसतो. ती नैसर्गिक आहे, घाबरू नका. फार दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा.

दुसरा ते चौथा आठवडा: बसून करायची कामं सुरू करता येतात. मोटारसायकल, सायकल, ट्रॅक्टर, पाठीवर फवारणी पंप घेणं, पोतं उचलणं हे मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

चार ते सहा आठवडे: तोपर्यंत संबंध आणि हस्तमैथुन टाळायचं. घाई केली तर टाके उसवतात आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. बायकोला आधीच सांगून ठेवा, गैरसमज टळतात.

तीन ते सहा महिने: व्रण मऊ होतो, रंग उतरतो. खरा निकाल आता दिसतो.

यातलं काही दिसलं तर लगेच दवाखान्यात: सूज वाढतच जाणं, दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त न थांबणं, ताप, पू, घाण वास, लघवी न होणं, कातडी काळी पडणं. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात थांबू नये. या भागातला संसर्ग क्वचित पण काही तासांत पसरून जिवावर बेतू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८.

फुलसावंगीहून कुठे जायचं?

फुलसावंगी महागाव तालुक्यात. जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ, आणि पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्हा. या भागातल्या लोकांना दोन्हीकडचा रस्ता माहीत असतो.

पहिली पायरी: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले किंवा ग्रामीण रुग्णालयातले एमबीबीएस डॉक्टर. सूज, हर्निया, संसर्ग, साखर या गोष्टी इथेच तपासून होतात आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मिळते. गावात ओळखीचे लोक असल्याने तिथे जायचं नसेल तर थेट पुढच्या रुग्णालयात गेलात तरी चालतं.

दुसरी पायरी: यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडे सर्जरीची ओपीडी असते. गरज पडली तर तिथून नागपूरच्या 'मेडिकल'ला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जाता येतं.

केसपेपर काढताना खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही. 'सर्जरीच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे' एवढं पुरे. डॉक्टरांसमोर मात्र सरळ बोला: 'डॉक्टर, लिंगाच्या खालची कातडी अंडकोशापासून वर ओढलेली आहे. कंडोम टिकत नाही, दुखतं.' या दोन वाक्यांनी निम्मं काम होतं. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे.

खर्चाचं काय? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे ठरलेलं शुल्क लागू शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. फक्त दिसण्यासाठी केलेली ऑपरेशनं साधारणपणे योजनांमध्ये आणि विम्यात बसत नाहीत. त्यामुळे दुखणं किंवा इतर त्रास असेल तर तो केसपेपरवर नोंदवून घ्या. खासगीत जात असाल तर भूल, औषधं, ड्रेसिंग आणि पुढच्या भेटी धरून एकूण खर्च आधीच लेखी मागा.

जाहिरातीला भुलू नका

लिंग मोठं करण्याचा हट्ट आजचा नाही आणि त्यातून होणारी इजाही आजची नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'शूकदोष' नावाचा विषय आहे. लिंग वाढवण्यासाठी शूक नावाचे कीटक आणि लेप लावल्याने होणारे अठरा प्रकारचे विकार तिथे सांगितले आहेत. आज कीटकांची जागा तेलाच्या बाटलीने आणि पंपाने घेतली आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला मनाई आहे. औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत लिंगाचा आकार वाढवण्याचा दावा कुठल्याही औषधाने करू नये असं म्हटलं आहे. म्हणजे रस्त्याकडेच्या तंबूतला फलक असो की मोबाइलवर फिरणारी रील, दावा मुळातच खोटा.

डॉक्टर खरा आहे का हे तपासायला तीन प्रश्न पुरे. तुमची पदवी काय? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? हे ऑपरेशन तुम्ही आधी केलं आहे का? खरा डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्यायामाने किंवा मालिशने पडदा जातो का?
नाही. कातडीची ठेवण मालिशने बदलत नाही. ओढाताण केली तर इजा होते.

वय वाढल्यावर आपोआप जातो का?
मोठ्या माणसात नाही. लहान मुलांत वाढीनुसार दिसणं थोडं बदलतं, म्हणून सर्जन कधी कधी थांबायला सांगतात.

ऑपरेशननंतर मूल होईल ना?
हो. वृषण आणि शुक्रवाहिन्या या ऑपरेशनमध्ये हलवत नाहीत.

ऑपरेशन केलं नाही तर पुढे काही वाईट होईल का?
नाही. हा पडदा गाठ होत नाही, कॅन्सर होत नाही. त्रास नसेल तर आयुष्यभर तसाच ठेवता येतो.

बायकोला सांगावं का?
सांगितलेलं बरं. पथ्य दोघांनाही पाळावं लागतं. शिवाय तुम्हाला जो दोष वाटतो तो तिला कधी जाणवलाच नसेल, असंही होऊ शकतं.

शेवटी

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि लैंगिक आरोग्यावर मराठीत उघडपणे लिहिलं. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी या विषयावर तोंड उघडायला आपण अजून संकोचतो. त्या संकोचावरच जाहिरातवाल्यांचा धंदा चालतो.

त्रास नसेल तर कात्री लावू नका. त्रास असेल तर लपवू नका. एक केसपेपर, दोन वाक्यं आणि योग्य डॉक्टर, इतक्यावर बहुतेक प्रश्न मार्गी लागतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्यासाठी काय योग्य ते तपासणीनंतर डॉक्टरच सांगू शकतात.)